‘आरोप’ की ‘गुन्हा’? आणि ‘कानाडोळा’

अ‍ॅलिस मन्रो या कॅनडाच्या लेखिकेच्या कथांवर टिपण लिहितेय आणि एका शब्दापाशी अडलेय. मे २०२४ मध्ये मन्रो गेल्या. जुलैमध्ये त्यांच्या धाकट्या मुलीने जाहीरपणे लिहिलं, की १९७६ साली, ती नऊ वर्षांची असताना, सावत्र वडिलांनी तिचं लैंगिक शोषण केलं. १९९२ मध्ये तिने पत्र लिहून आईला सगळं सांगितलं, तरी आई शेवटी त्याच्याजवळच राहिली. मी लिहिलं, ‘मुलीने केलेले आरोप’. मैत्रिणीने वाचून विचारलं, अजून आरोपच?

— मैत्रिणीचं बरोबर आहे. २००५ मध्ये त्या माणसाने कोर्टात गुन्हा कबूल केला. तिथे ‘आरोप’ संपला, आता ‘गुन्हा’च लिहा. ‘आळ’ तर नकोच. स्यमंतक मण्यापासून आळ म्हटला की तो खोटा, असंच आपल्या कानाला वाटतं. आणि कृपा करून कुणी ‘विनयभंग’ लिहू नका. नऊ वर्षांच्या मुलीचा कसला विनय? तो शब्द वाचणाऱ्याला तिच्या शालीनतेकडे बघायला लावतो, त्याच्या हातांकडे नाही. ‘तिच्यावर अत्याचार झाला’ हेही टाळा. पाऊस झाला, उशीर झाला, तसा अत्याचार होत नाही. ‘त्याने केला’ असं लिहा.

— पटलं. पण खुद्द मन्रोंसाठी कोणता शब्द? ‘पाठराखण’ म्हणू, की ‘कानाडोळा’? १९९३ मध्ये त्यांची ‘व्हँडल्स’ ही कथा छापून आली. तिच्यात एक बाई, तिचा सोबती, शेजारची दोन मुलं. तो मुलांशी काय करतो ते बाईला उमगलं असावं, पण ती काही करत नाही. त्यांतली मुलगी मोठेपणी त्या घरात शिरून सगळी नासधूस करते. हे आता आधीसारखं वाचताच येत नाही. पण लेखिकेचं आयुष्य कथेवर लादणं हा मी केलेला आरोपच नाही का? म्हणजे रूपक अलंकारात उपमेयावर उपमानाचा आरोप करतात, त्या अर्थाने.

— छान जोडलंत. ‘मुखचंद्र’ म्हणताना मुखावर चंद्र आपण ठेवतो, तो मुळात तिथे नसतो. ‘व्हँडल्स’मधला कानाडोळा तुम्ही नेऊन ठेवलेला नाही. २०२४ च्या आधीही तो कथेत होताच, तेव्हा तो आरोप नव्हे. मात्र त्यांच्या प्रत्येक कथेतल्या प्रत्येक आईत मन्रो शोधायला लागलात, तर तो नक्की आरोप, आणि वाचनही आंधळं होईल. ‘पाठराखण’ त्यांच्या राहण्याला लावा, कारण गुन्हा कळल्यावरही त्या त्याच्या बाजूला राहिल्या. ‘कानाडोळा’ कथेतल्या बाईसाठी ठेवा.

— टिपणातलं वाक्य बदललं: ‘त्याने केलेला गुन्हा मुलीने आईला सांगितला, आईने त्याची पाठराखण केली.’ ‘व्हँडल्स’चा परिच्छेद आज पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतेय.