व्हीएस कोडमध्ये मराठी अनुस्वार नीट दिसत नाहीत, फॉन्ट कसा लावायचा?

दूधगंगा_काठ

नमस्कार मंडळी, गावाकडच्या एका दूध संस्थेसाठी बिलाचं छोटं अ‍ॅप करतोय, सगळा मराठी मजकूर एका वेगळ्या जेसन फाइलमध्ये ठेवलाय. विंडोज 11, कोड लिहायला व्हीएस कोड हा एडिटर, आणि फॉन्ट जो आधीपासून होता तोच म्हणजे कन्सोलास. कोड छान दिसतो पण मराठी शब्द बारीक दिसतात आणि डोक्यावरचे रफार-अनुस्वार वरच्या ओळीत घुसल्यासारखे वाटतात. मागच्या आठवड्यात ‘शेतकऱ्यांचे हिशेब’च्या जागी ‘शेतकऱ्याचे हिशेब’ असं छापून गेलं, मी स्क्रीनवर तीनदा वाचलं होतं तरी तो टिंब नाही हे कळलंच नाही, सचिवांनी मात्र कागद हातात घेतल्या घेतल्या नेमकं तिथेच बोट ठेवलं. ते मनाला फार लागलं.

मग मी मुक्ता फॉन्ट उतरवला आणि एडिटरच्या फॉन्ट फॅमिलीत कन्सोलास पुसून मुक्ताचं नाव टाकलं. मराठी एकदम सुरेख दिसायला लागलं पण कोडची पार वाट लागली, एका रेषेत लावलेल्या कॉमेंट पुढेमागे झाल्या, इंडेंट कळेना. दोन्ही नीट दिसेल असं काही करता येतं का?

रात्रपाळी

येतं की. तुम्ही कन्सोलास पुसलात तिथेच घोळ झाला. फॉन्ट फॅमिलीत एकच नाव द्यायचं नसतं, स्वल्पविराम देऊन रांग लावायची असते. एडिटर प्रत्येक अक्षरासाठी त्या रांगेत पहिल्यापासून विचारत जातो, तुझ्याकडे हे अक्षर आहे का, नसेल तर पुढचा. कन्सोलासमध्ये देवनागरी नाहीच, म्हणून ‘शे’ आला की तो पुढे सरकतो आणि रांगेत कुणाकडेच नसेल तर विंडोज स्वतःच्या मनाने एखादा देतो, बहुतेक निर्मला यूआय. मुक्तामध्ये इंग्रजी अक्षरं पण आहेत, त्यामुळे तो पहिला किंवा एकटा असला की तुमचे कंस, डॅश, स्पेस सगळं त्याच्याकडूनच येतं, आणि त्यात आय अरुंद नि एम रुंद, मग रेषा कशी जुळणार.

तेव्हा आधी कोडचा फॉन्ट, मागे मराठीचा, शेवटी मोनोस्पेस, म्हणजे सगळी अक्षरं सारख्या रुंदीची असलेला कुठलाही फॉन्ट. म्हणजे कन्सोलास, मुक्ता, मोनोस्पेस. नावात स्पेस असेल तर ते नाव एकेरी अवतरणात घाला. नवीन फॉन्ट टाकल्यावर व्हीएस कोड पूर्ण बंद करून परत उघडा, नाहीतर दिसत नाही आणि माणूस उगाच सेटिंग बदलत बसतो.

शिरोरेषा

वरचं बरोबर आहे, पण दादा तुमचा अनुस्वार फक्त त्याने दिसेल असं वाटत नाही, कारण खरी अडचण ओळीच्या उंचीची आहे. व्हीएस कोडला उंची सांगितली नाही तर विंडोजवर तो फॉन्टच्या साइजच्या साधारण 1.35 पट धरतो, म्हणजे 14 साइजला 19 पिक्सेल. इंग्रजीला तेवढी पुरते. आपल्याकडे मात्र एकाच अक्षरावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार बसतात आणि खाली उकार, ऱ्हस्व-दीर्घ काय ते. ‘वर्षांतील’ लिहून बघा, ‘र्षां’वर केवढी गर्दी होते.

लाइन हाइट 1.7 करा आणि साइज 16. त्या लाइन हाइटमध्ये 8 पेक्षा लहान आकडा घातला की तो पट समजतो आणि 8 किंवा पुढचा घातला की थेट पिक्सेल, म्हणून 17 टाकू नका, ओळी एकमेकींवर चढतील. मी मराठी पाठ्यमजकुराचं काम करते, दिवसाला शेकडो ओळी तपासाव्या लागतात, आणि हा एक आकडा बदलल्यावर चुका सापडायला लागल्या हे मनापासून सांगते. अख्ख्या एडिटरला नको असेल तर हे फक्त जेसन फाइलींपुरतं पण ठेवता येतं, भाषेनुसार सेटिंगचा चौकोनी कंस असतो त्यात.

दूधगंगा_काठ

ताई, दादा, दोघांचे आभार. रांग लावली, 16 आणि 1.7 केलं. आता ‘शेतकऱ्यांचे’मधला टिंब लांबून पण दिसतो. एक विचारायचं होतं, लिगेचर बंद आहेत माझ्याकडे, ते चालू केले नाहीत तर जोडाक्षरं कधी तुटतील का?

रात्रपाळी

नाही तुटणार. ते सेटिंग बाण, दोन बरोबरची चिन्हं जोडून दाखवणं असल्या गोष्टींसाठी, फिरा कोड किंवा जेटब्रेन्स मोनोसारख्या फॉन्टमध्ये असतात त्या. क्ष, त्र, स्त्री हे लिपीच्या नियमाने जुळतं, त्याचा याच्याशी संबंध नाही.

पाकळीचा_ल

तुमच्या त्या ‘ऱ्या’वरून एक महत्त्वाचं. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक म्हणजे ऱ (इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे), मग हलन्त, मग य. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, न दिसणारा जोडक झेडडब्ल्यूजे आणि मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच, कुठलाही फॉन्ट लावा, फरक दिसणार नाही, पण कोडमध्ये तुलना केली की दोन शब्द वेगळे. नावाने शेतकरी शोधायची सोय असेल तर ‘मोऱ्या’ टाकून ‘मोऱ्या’ सापडणार नाही. युनिकोड नॉर्मलाइज (वेगवेगळ्या तऱ्हांनी साठवलेलं तेच अक्षर एकसारखं करणं) केल्यानेही हे जुळत नाही, साठवायच्या आधी दुसरा प्रकार पहिल्यात स्वतः बदलून घ्या.

आणि एडिटरमध्ये ल, श हिंदी वळणाचे दिसले तर दचकू नका. 2009 च्या शासन निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श सांगितलाय, बऱ्याच फॉन्टमध्ये ते असतात पण मजकुराची भाषा मराठी आहे असं कळवलं तरच बाहेर येतात, आणि एडिटरची खिडकी इंग्रजी असते. छापील बिलाच्या पानाला मात्र भाषा एमआर (मराठीचा कोड) लावायला विसरू नका, शेतकऱ्याच्या हातात आपला ल जायला हवा.

दूधगंगा_काठ

हे तर माहीतच नव्हतं, शोधात दोन जण सापडत नव्हते ते यामुळेच असणार, आज रात्री तपासतो. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) मात्र अजून मात्रा सुटून बाजूला पडतात, तिथेही हीच रांग लावली तरी.

शिरोरेषा

तिथे फॉन्ट काही करू शकत नाही. टर्मिनल अक्षरं ठरलेल्या मापाच्या चौकोनांत बसवतो, आणि मात्रा त्यात नीट बसत नाही. मी मराठी आउटपुट टर्मिनलवर तपासतच नाही, फाइलमध्ये काढते आणि ती एडिटरमध्ये उघडते.