भाऊ सात महिने घराबाहेर पडलेला नाही, त्याच्यासारख्या कुणाची तरी गाठ घालून द्यायची आहे. सल्ला हवा

रानजाई
नमस्कार. माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा. गावच्या कबड्डी संघात चढाईला असायचा. पावसाळ्याच्या तोंडावर गोठ्याचे पत्रे बदलताना खाली पडला आणि डी १२ मणका (पाठीच्या मणक्यांपैकी सगळ्यात खालचा) फुटला. मिरजेत ऑपरेशन झालं, रॉड-स्क्रू बसवले. कमरेखाली हालचाल नाही, संवेदना नाही. डॉक्टरांनी 'कम्प्लीट इंज्युरी' लिहिलंय. घरी येऊन सात महिने झाले.

हात अजून दणकट आहेत, पण व्यायाम करत नाही. व्हीलचेअरवर वाळलेले कपडे पडलेले असतात. पहिल्या महिन्यात अख्खा संघ यायचा. आता दोघं-तिघं येतात, तेही उंबऱ्यातूनच बोलून जातात. त्यांनाही काय बोलावं कळत नाही, मी त्यांना दोष देत नाही.

मी त्याला पॅरालिम्पिकचे व्हिडिओ पाठवत होते. परवा त्यानं फोन पालथा ठेवला आणि म्हणाला, "ताई, मला मेडल नको. मला एकट्याला संडासला जायचंय." तेव्हापासून मला काही सुचत नाही.

आम्ही तासगाव तालुक्यात राहतो. कोल्हापूर, पुणे, मुंबई, कुठेही न्यायची तयारी आहे. कुठे न्यावं, कुणाला भेटवावं, खेळ सुरू करता येईल का, काहीही सांगा.

कृष्णाकाठ
ताई, धीर सोडू नका. आपल्याच जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर बघा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर गेलं आणि १९७२ ला हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांत सुवर्ण! पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण. आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारीनं २०२४ ला पॅरिसमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य आणलं. भावाला हे सांगा.

चाकावरचा
रानजाई, मी नऊ वर्षं व्हीलचेअरवर आहे. इजा डी १०, कम्प्लीट. तुमच्या भावाचं ते वाक्य वाचून लगेच लिहायला बसलो, कारण मीही माझ्या वडिलांना हेच म्हणालो होतो.

कृष्णाकाठ, पेटकर सरांबद्दल मला फार आदर आहे. पण लोक त्यांची गोष्ट सुवर्णपदकापासून सांगायला लागतात. ते आधी सैन्यात बॉक्सिंग करायचे. जखमी झाल्यावर पोहणं सुरू झालं ते इलाजाचा भाग म्हणून, पदकाचं पुढचं पुढे. अंथरुणावरच्या माणसाला १९७२ चा तलाव दिसत नाही. त्याला पलंगाची कड दिसते आणि पलंगापासून खुर्चीपर्यंतचं दीड हाताचं अंतर दिसतं.

मला उभं केलं (हो, मी हाच शब्द वापरतो) ते एका रिक्षावाल्या माणसानं. डी ११ वाला, माझ्याहून सहा वर्षं आधी पडलेला. माझ्या फिजिओनं त्याला आणलं. तो आला, घरच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "लघवीचं काय करतोस?" त्याआधी दहा महिने मला हे कुणी इतक्या सरळ विचारलं नव्हतं. मग त्यानं आपली खुर्ची माझ्या पलंगाला लावली, ब्रेक मारले आणि गुळगुळीत फळीवरून सरकून माझ्या शेजारी येऊन बसला. परत गेला. पुन्हा आला. तिसऱ्या वेळी मला म्हणाला, आता तू. मी पडलो नाही, पण घामाघूम झालो. त्या रात्री मी पडल्यापासून पहिल्यांदा सलग झोपलो.

त्यानं माझ्यासमोर एकही प्रेरणेचं वाक्य उच्चारलं नाही. कमोड-खुर्ची कुठल्या उंचीची घ्यायची, ठरावीक तासांनी स्वतः नळी घालून लघवी कशी काढायची, लग्नाला जाताना कपड्यांचा एक जादा जोड कुठे ठेवायचा, एवढंच सांगितलं. हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं. पण रोज ते करून जगणाऱ्या माणसानं सांगितलं, तेव्हा ते माझ्या आत शिरलं.

म्हणून शोधायचाच तर असा माणूस शोधा: इजा साधारण त्याच पातळीची, वय आणि घरची परिस्थिती मिळतीजुळती, आणि पडून चार-पाच वर्षं तरी झालेली. कालच पडलेले दोघं एकत्र बसले तर दोघंही अजून खोलात जातात, हे मी पाहिलंय. मी तुमच्यापासून दीड तासावर आहे. हाताने चालवायची गाडी आहे. भाऊ हो म्हणाला तर रविवारी येतो. त्याला न विचारता मात्र बोलावू नका.

फिजिओताई
चाकावरचा यांच्याशी पूर्ण सहमत. पेशंटला पेशंट भेटवणं हा मी माझ्या कामाचाच भाग मानते. फक्त काही गोष्टी सांभाळा.

भेटायला येणारा डॉक्टर नाही. गोळ्या, पथ्य, "तू चालशील की नाही" यावर त्यानं बोलू नये. एका पेशंटला भेटायला आलेल्या माणसानं "मी सगळ्या गोळ्या बंद केल्या, तेलानं फरक पडला" असं सांगितलं. या पोरानंही गोळ्या सोडल्या आणि ताठरपणा इतका वाढला की खुर्चीत बसणं मुश्कील झालं. इजेची पातळी जुळणं का महत्त्वाचं, तेही समजून घ्या. डी ६ किंवा त्याच्या वर, म्हणजे मानेच्या बाजूला, इजा असेल तर मूत्राशय नुसतं तुंबलं तरी रक्तदाब एकदम धोकादायक चढू शकतो. डी १२ ला तो प्रश्न सहसा येत नाही. वरच्या पातळीच्या माणसाची सगळी भीती तुमच्या भावानं डोक्यावर घ्यायचं कारण नाही, आणि खालच्या पातळीच्या माणसाला जमतं ते आपल्याला जमत नाही म्हणून खचायचंही नाही.

खेळाआधी: सर्जनकडून पाठीच्या रॉडबद्दल लेखी परवानगी. बैठकीची आणि माकडहाडाची कातडी रोज आरशात बघणं. कुशन चांगलं हवं, आणि बसल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला वाकून भार हलवायचाच. संवेदना नसते, त्यामुळे बेडसोर (दाबानं पडणारी जखम) झालेला कळत नाही, आणि एकदा झाला की महिनोन् महिने पुन्हा पलंगावर. सात महिन्यांत पायांची हाडं ठिसूळ होऊ लागतात, तेव्हा खुर्चीतून पडणं हसण्यावारी नेऊ नका. खांदे जपा, आता तेच त्याचे पाय आहेत.

आणि खेळ हा चैनीचा भाग नाही, हे घरच्यांना सांगा. इंग्लंडात स्टोक मँडव्हिलला डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४४ मध्ये मणक्याच्या पेशंटांचा विभाग सुरू केला आणि खेळ उपचारातच बसवला. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनादिवशीच, तिथल्या हिरवळीवर १६ जखमी सैनिक स्त्री-पुरुषांची तिरंदाजी झाली. पॅरालिम्पिकचं मूळ ते. व्हीलचेअरवरची माणसं एकमेकांसमोर धनुष्य ओढत होती.

पंचगंगा
कोल्हापूरला नक्की जा. नसीमा हुरजूक यांना सोळाव्या वर्षी कमरेखाली पक्षाघात झाला. त्यांचं आयुष्य वळलं ते बाबूकाका दिवाण भेटल्यावर. तेही व्हीलचेअरवरच होते. पुढे १९८४ मध्ये कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही अपंगांसाठीची संस्था उभी राहिली. नसीमाताईंचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र घरात आणून ठेवा. आधी तुम्ही वाचा, त्याला हातात देऊ नका. दिसेल असं ठेवा.

मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. मणक्याच्या इजेसाठीच काम करणारं नीना फाउंडेशनही मुंबईतच, ते डॉ. केतना मेहता यांनी स्वतःच्या अपघातानंतर सुरू केलं. पुण्यात खडकीचं पॅराप्लेजिक (कमरेखाली लकवा असलेल्यांचं) केंद्र मुळात सैनिकांसाठी आहे, त्यामुळे तिथे प्रवेशाची आशा धरू नका, पण तिथल्या खेळाडूंची ओळख निघाली तर सोडू नका.

साडेतीन गुण
कबड्डी म्हणालात म्हणून लिहितो. मी व्हीलचेअर बास्केटबॉल खेळतो. या खेळात प्रत्येकाला १ ते ४.५ गुण असतात, धडावर ताबा कमी त्याला गुण कमी. मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. म्हणजे माझ्यासारखेच साडेतीन गुणांचे पाच जण उतरवले तर बेरीज १७.५ होते, संघच बसत नाही. तुमच्या भावासारखे कमी गुणांचे खेळाडू आम्हाला लागतात. दया म्हणून नाही, त्यांच्याशिवाय सामना सुरूच होत नाही. त्यांचं मुख्य काम खुर्ची आडवी घालून समोरच्याची वाट अडवणं. ज्यानं साखळीतून चढाई काढली आहे त्याला वाट कुठे बंद होते हे शिकवावं लागत नाही.

राष्ट्रीय फेडरेशन २०१४ पासून आहे, चेन्नईत. तिथून चौकशी सुरू करा. पण पहिल्या दिवशी नुसतं बघायला आणा. सराव संपल्यावर आम्ही चहाला बसतो तेव्हा थांबा. खरी बोलणी तिथे होतात.

औदुंबर
माझ्या नवऱ्याला इजा होऊन अकरा वर्षं झाली. एकच विचारते, तुमच्या आईशी कोण बोलतं? रात्री दोनदा उठून कूस बदलणाऱ्या बाईलाही तिच्यासारखी बाई भेटायला हवी. चाकावरचा येतील तेव्हा त्यांच्या घरचं कुणी सोबत आलं तर फार बरं.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. औदुंबरताई, तुमचं वाचून मी आईजवळ जाऊन बसले. ती खूप वेळ रडली. चाकावरचा दादांना मेसेज केलाय. भाऊ 'हो' म्हणाला नाही, पण 'नको'ही म्हणाला नाही. "कधी पडलाय तो?" असं विचारलं. मी म्हटलं, नऊ वर्षांपूर्वी. मग गप्प.

रानजाई (अडीच महिन्यांनी)
धागा वर काढतेय, कारण तुम्हाला सांगायला हवं. दादा आले, वहिनींना घेऊन. दार बंद करून दोघं दीड तास बोलले. काय बोलले ते मला माहीत नाही आणि मी विचारलं नाही. बाहेर वहिनी आईला चादरीच्या घडीनं कूस कशी वळवायची ते दाखवत होत्या. पुढच्या आठवड्यात भावानं सुताराला स्वतः फोन करून फळीचं माप दिलं. पहिली खरबरीत निघाली, परत पाठवली. संडासाचं दार आम्ही नऊ इंचांनी वाढवून रुंद केलं. आता तो एकटा जातो. वेळ लागतो, पण आतून कडी लावतो.

सराव बघायला दोनदा नेलं. अजून खुर्चीत बसून चेंडू हातात घेतलेला नाही. पहिल्यांदा काठावरून बघत होता, दुसऱ्यांदा ओरडून कुणाला तरी "डावीकडं दाब!" म्हणाला. साडेतीन गुण दादा, तुम्हीच होता ना?

आता एक नवीन प्रश्न. शेजारच्या गावात एक मुलगा विहिरीत पडलाय, वय १९, इजा एल १ (डी १२ च्या लगेच खालचा, कमरेचा पहिला मणका). त्याचा मामा काल आमच्याकडे येऊन गेला. भाऊ म्हणतोय, मी जातो. पण पडून त्यालाच अजून वर्ष झालं नाही, आणि दादांनी वर चार-पाच वर्षांचं लिहिलंय. पाठवू का?

चाकावरचा
एकट्याला नको, मी सोबत येतो. बोलायचं काम मी करेन, फळीवरून सरकून तो दाखवेल. निघायच्या आधी त्या पोराला विचारून घ्या, तो हो म्हणतोय का.