मदत हवी आहे: बांधकामाच्या प्रस्तावावर हरकत कशी लिहावी?

नमस्कार मंडळी. आमच्या घराला लागून १,००० चौरस मीटरचा भूखंड आहे. त्याचा चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते) १ वरून २ करायचा प्रस्ताव आलाय, म्हणजे बांधकाम थेट २,००० चौरस मीटरपर्यंत. हरकतीची मुदत संपत आलीय. नव्या घरांना विरोध नाही, लोकांना राहायला जागा हवीच. पण गल्लीत अग्निशमनाची गाडी वळत नाही आणि गटार आत्ताच तुंबतं, याची फार काळजी वाटते. ‘घराची किंमत पडेल’ हा मुद्दा सहसा टिकत नाही, म्हणून सामासिक अंतर (इमारत आणि भूखंडाची हद्द यांच्यात सोडायची मोकळी जागा), पार्किंग आणि निचऱ्यावरच लिहितोय. सुनावणीला कोणी गेलंय का? रस्त्याची रुंदी आपणच मोजून फोटो जोडले तर चालतं, की वास्तुविशारदाचा नकाशा लागतो? आणि सगळ्यांनी मिळून एकच अर्ज द्यावा की घरटी वेगळा?