जुना संगणक: प्लाझ्माच सडसडीत करायचा की सरळ एक्सएफसीई?

उलटसुलट:
विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुनं यंत्र लिनक्सवर आणणाऱ्या प्रत्येकाला एकच सल्ला मिळतो: केडीई प्लाझ्माच्या नादी लागू नका, एक्सएफसीई टाका (दोन्ही लिनक्सचे डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-मेनू दाखवणारा भाग; दुसरा हलका). मला पटत नाही. प्लाझ्मा जड ही समजूत बरीचशी २००८ च्या केडीई ४.० पासून चालत आलेली. आज ४ जीबीच्या यंत्रावर तो अडखळतो तो बऱ्याचदा बलूमुळे, म्हणजे फायलींची अनुक्रमणिका करत बसणाऱ्या सेवेमुळे. फिरती हार्ड डिस्क असेल तर सुरुवातीला बलू तिला उसंत देत नाही. सेटिंग्जमध्ये फाइल सर्च बंद करा, ब्लर (खिडक्यांमागचा धूसरपणा) बंद करा, ॲनिमेशनचा काटा शेवटाला न्या. केडीईचं मेल वापरत नसाल तर अकोनाडीही (मेल-कॅलेंडरची माहिती साठवणारी सेवा) काढा, ते मागे अख्खा डेटाबेस चालवतं. मग बोला.

काटकसर:
एवढं बंदच करायचं तर बसवायचं कशाला? बारा खोल्यांचा वाडा घेऊन अकरांना कुलूप! एक्सएफसीईत कंपोझिटर (खिडक्या एकत्र रंगवून सावल्या, पारदर्शकता देणारा भाग) एका टिचकीत बंद होतो. प्लाझ्माच्या वेलँड (पडद्यावर चित्र पोचवायची नवी पद्धत) सत्रात केविन हा खिडक्या सांभाळणारा प्रोग्रामच कंपोझिटर, तो बंद करायची सोयच नाही. जुन्या ग्राफिक्स चिपवर नेमकं तिथंच घोडं अडतं.

उलटसुलट:
वेलँडचं खरं आहे. एक्स११ या जुन्या पद्धतीत ऑल्ट-शिफ्ट-एफ१२ दाबून सुटका होते, पण त्याचेही दिवस भरत आलेत. मात्र एक्सएफसीईवाले पुढे काय करतात ते बघा. केडीईचेच प्रोग्राम: फायलींसाठी डॉल्फिन हवा, मजकुरासाठी केट हवा, पीडीएफसाठी ऑक्युलर हवा. जीटीके (एक्सएफसीई ज्यावर उभा आहे ती लायब्ररी) मेमरीत आहेच, तिच्यावर क्यूटी (केडीईचा तसाच पाया) आणि केडीईच्या लायब्रऱ्या. वाचवलेली रॅम गेली की!

तिसरा_डोळा:
आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. ब्राउझरमध्ये चार जड टॅब उघडा, डेस्कटॉपमधला फरक शोधावा लागेल. आणि 'फ्री' या मेमरी दाखवणाऱ्या कमांडचे आकडे फेकून भांडणाऱ्यांनो, 'अव्हेलेबल'चा रकाना बघा. रिकामी रॅम लिनक्स कॅशेसाठी (वापरलेल्या फायली हाताशी ठेवायला) वापरणारच. एसएसडी टाका, झेडरॅम (मेमरीतला मजकूर दाबून लहान करणारी सोय) चालू करा. फेडोराने २०२० मध्येच ३३व्या आवृत्तीपासून ते आपोआप चालू ठेवलंय.

काटकसर:
२ जीबीच्या यंत्रात दोनशे एमबीच्या फरकावरच ठरतं, स्वॅप (रॅम भरली की डिस्क वापरणं) सुरू होणार की नाही ते. झेडरॅम मेमरी दाबून ठेवतो ती प्रोसेसरच्या जिवावर, आणि इथे तोच म्हातारा. एसएसडीचं म्हणाल तर स्वस्त लॅपटॉपांत ईएमएमसी (साठवणुकीची चिप) बोर्डालाच डकवलेली असते. काय बदलणार?

वाटसरू:
ज्याला बलू ओळखून बंद करता येतो त्याला तुमच्या सल्ल्याची गरजच नाही. पहिल्या लॉगिनला डेस्कटॉपनेच रॅम आणि डिस्क बघून विचारावं, अनुक्रमणिका हवी का? सगळा भार वापरणाऱ्यावर का?

उलटसुलट:
हे शंभर टक्के मान्य. तोवर माझ्यापुरतं ४ जीबीला प्लाझ्मा, २ जीबीला एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप. तोही क्यूटीवरच, त्यामुळे केट-ऑक्युलरसाठी दुसरं बिऱ्हाड लागत नाही.

काटकसर:
म्हणजे २ जीबीला प्लाझ्मा नको. लिहून ठेवतो.