लॅरी मॅक्डोनल्ड, पाडलेले विमान आणि आपल्या होडीवरचा जीपीएस

किनारा_हर्णै

आमच्या घरी तीन पिढ्यांची मासेमारी आहे. आजोबा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते. ते कड्यावरच्या गणपतीचे देऊळ आणि सुवर्णदुर्ग यांचा मेळ बघून बंदराची वाट धरत. वडील मात्र जीपीएसवरचे आकडे एका तेलकट डायरीत लिहून ठेवतात आणि ज्या खडपावर जाळे फाटले असेल, त्याच्या आकड्याभोवती तांबड्या पेनाने गोल करतात. परवा बंदरावर एका वडीलधाऱ्यांनी सांगितले की, रशियाने एका कम्युनिस्टविरोधी अमेरिकन खासदाराला विमानासकट पाडले, म्हणून हे यंत्र आपल्या हाती आले. हे कितपत खरे आहे आणि ते खासदार कोण होते?

निवृत्त_शिक्षक_दापोली

ते लॅरी मॅक्डोनल्ड. त्यांचा जन्म १९३५ साली अटलांटा येथे झाला. मूत्रविकारतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करण्याआधी ते अमेरिकन नौदलात डॉक्टर होते. १९७४ च्या निवडणुकीत ते जॉर्जिया राज्यातून प्रतिनिधिगृहावर निवडून आले आणि मृत्यूपर्यंत सदस्य राहिले. त्यांचा पक्ष डेमोक्रॅटिक होता, याचे आजच्या वाचकाला नवल वाटेल. पण दक्षिणेकडील राज्यांत त्या पक्षात कडव्या उजव्या मतांचे पुढारी तेव्हाही होते, आणि मॅक्डोनल्ड त्यांच्यातही टोकाचे मानले जात. कम्युनिझमविरोध हेच ज्या संघटनेचे जीवितकार्य होते, त्या जॉन बर्च सोसायटीचे ते १९८३ मध्ये अध्यक्ष झाले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाने राष्ट्रीय सुट्टी देण्यालाही त्यांनी विरोध केला, आणि ही त्यांची भूमिका मला अजिबात पटत नाही. तरीही आपली मते त्यांनी कधी लपवली नाहीत, हे नोंदवले पाहिजे.

दर्यावर्दी_मालवण

विमानाविषयी मी लिहितो. अमेरिका आणि दक्षिण कोरिया यांच्यातील संरक्षण कराराला तीस वर्षे झाल्याच्या समारंभासाठी मॅक्डोनल्ड सोलला निघाले होते. न्यूयॉर्कहून अँकरेजमार्गे जाणारे कोरियन एअर लाइन्सचे ००७ क्रमांकाचे ते विमान अँकरेजनंतर मार्ग सोडून कामचाटकावरून सखालिनपर्यंत सोव्हिएत हद्दीत शिरले आणि १ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडले. आतील २६९ माणसांपैकी एकही वाचला नाही. रशियाने पुढे विमानातील नोंदींच्या पेट्या (ब्लॅक बॉक्स) दिल्यावर १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने निष्कर्ष काढला की, स्वयंचलित यंत्रणा ठरलेल्या मार्गाशी न जोडता होकायंत्राच्या एकाच दिशेवर ठेवली गेली होती आणि वैमानिकांच्या ते ध्यानात आले नाही. खासदाराला मारण्यासाठीच विमान पाडले, असे त्यांचे काही समर्थक मानत राहिले. त्याला पुरावा मिळालेला नाही.

आता जीपीएस. अमेरिकेच्या लष्कराने त्याचे काम १९७३ मध्येच सुरू केले होते आणि पहिला उपग्रह १९७८ मध्ये सुटला होता, त्यामुळे ते यंत्र या घटनेतून जन्मले असे म्हणता येणार नाही. मात्र विमान पाडल्यानंतर पंधरवड्याच्या आत अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्या सरकारने, विमानांची वाट अशी चुकू नये म्हणून, ही सेवा पूर्ण झाल्यावर नागरी वापरासाठी विनामूल्य खुली राहील, असे जाहीर केले. हे आश्वासन त्या २६९ जणांच्या मृत्यूमुळे आले, एकट्या खासदारामुळे नव्हे. शिवाय नागरी वापराच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली असे, तिच्यामुळे जागा शंभरएक मीटरपर्यंत हलू शके. ती चूक मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली.

किनारा_हर्णै

गुरुजी आणि दर्यावर्दी, दोघांचे मनापासून आभार. हे वाचून मी वडिलांच्या जुन्या डायऱ्या काढल्या. १९९९ च्या डायरीत एकाच खडपाला तीन निरनिराळे आकडे आहेत, तिन्हींभोवती तांबडा गोल आहे आणि शेजारी "यंत्र बिघडले" असे लिहून दुरुस्तीचा खर्च मांडलेला आहे. २००१ पासून त्या खडपाचा आकडा एकच आहे. यंत्र तेच होते.