सल्ला हवा: न्यूयॉर्कचे जुने जुळे टॉवर खरेखुरे दिसतात असे सिनेमे, मालिका

पुळणीवरची (देवगड)

नमस्कार मंडळी. बाबांसाठी सिनेमे शोधतेय.

बाबा खलाशी होते. अठरा वर्षं मालवाहू बोटींवर काढली, मग आईच्या आजारपणामुळे घरी आले आणि आंब्याच्या कलमांत रमले. आता 73 वर्षांचे आहेत. मार्चमध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते माळ्यावरची ट्रंक खाली काढायचं. सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, वाळवीनं पार खाल्लेली, तारखा असलेली पानं गेलेली. एक फोटो मात्र शाबूत निघाला. डेकच्या कठड्याला टेकलेले तरुण बाबा, मागे पाणी आणि पाण्यापलीकडे न्यूयॉर्कचे ते दोन टॉवर. तेव्हापासून रोज जेवताना तोच विषय असतो.

2001 साली टॉवर पडले तेव्हा आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेजारच्या काकूंकडे बसून बाबांनी ते दृश्य पाहिलं, मधेच उठले आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. म्हणून टॉवर पडताना दाखवलेलं काहीही नको, माहितीपटसुद्धा नको. फक्त उभे असलेले हवेत, शक्यतो पाण्याच्या बाजूनं दिसणारे. संवाद कळले नाहीत तरी चालेल, बाबा चित्रच बघणार आहेत.

आणखी एक गोष्ट. बाबा ठासून सांगतात, "थंय टॉवरांच्या फुडे पुळण होती. मी बघलंय." भाऊ म्हणतो ते दुबईचं सांगतायत, वय झालं. मॅनहॅटनमध्ये पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, कुठून येणार, असं मलाही वाटतं. पण भाऊ असं बोलला की बाबा गप्प होतात, ते मला बघवत नाही.

सड्यावरून (गुहागर)

ताई, पहिलं नाव 1976 चा 'किंग काँग'. शेवटचा मोठा प्रसंग टॉवरांच्या माथ्यावरच आहे आणि काँग एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो. त्याच्या बेटावर दोन सुळके असतात, तसेच हे दोन दिसतात म्हणून तो तिथं जातो, ही कल्पना मला लहानपणी फार भिडली होती. शेवट दुःखाचा आहे, पण टॉवरांना काही होत नाही.

'होम अलोन 2' (1992) मध्ये तो मुलगा गच्चीवर जातो. घरात नातवंडं असतील तर सगळे मिळून बघा.

नांगरवाडा (मुंबई, मूळ वेंगुर्ला)

पुळणीवरची ताई, आधी पुळणीचं सांगतो, कारण तुमचे बाबा बरोबर आहेत. शंभर टक्के बरोबर.

टॉवरांचा पाया खोदताना निघालेली माती आणि दगड लांब नेऊन टाकले नाहीत. शेजारच्याच हडसन नदीत भर टाकली. त्यात आणखी बंदरातून उपसलेली वाळू ओतली. अशी 92 एकर नवी जमीन तयार झाली, तिचं नाव बॅटरी पार्क सिटी. भरणीचं काम 1976 ला संपलं, पण शहराकडे पैसे नव्हते, म्हणून कित्येक वर्षं तिथं काहीच उभं राहिलं नाही. टॉवरांच्या पायथ्याशी नदीकाठी नुसती उघडी वाळू होती. लोक तिथं उन्हात पडायला जायचे. बोट बाहेर नांगरावर असेल तर मॅनहॅटनचं टोक आणि त्याच्या डाव्या अंगाची ही वाळू समोर दिसणारच. समुद्रातून उपसलेली वाळू आपल्या माणसाला पुळण वाटली, यात चूक काय?

बाबांना दाखवायला आणखी एक गोष्ट सांगतो. 1982 साली आग्नेस डेनेस नावाच्या कलाकार बाईंनी ह्याच मोकळ्या जागेवर दोन एकर गहू पेरला आणि ऑगस्टमध्ये कापला. त्याचे फोटो इंटरनेटवर सहज मिळतात. पुढे पिकलेला पिवळाधमक गहू, मागे दोन टॉवर. हे फोटो मोठे करून भावाला दाखवा.

आता फोटोचा काळ. तुमच्या फोटोत एका टॉवरवर उंच अँटेना आहे का बघा. ती उत्तरेकडच्या टॉवरवर होती आणि 1978-79 मध्ये बसवली. दोन्ही माथे सपाट असतील तर फोटो त्याआधीचा. अँटेना कुठल्या हाताला आहे त्यावरून कॅमेरा कुठं होता तेही कळतं. समुद्राकडून किंवा न्यू जर्सीकडून पाहिलं तर ती डावीकडे दिसते, ब्रुकलिनकडून पाहिलं तर उजवीकडे. मी सिनेमा बघताना आधी तेच बघतो. ह्या सवयीमुळे घरचे माझ्यासोबत बसायला तयार नसतात, पण सुटत नाही.

टॉवरांपुढे घुमट किंवा पिरॅमिडसारख्या टोप्या घातलेल्या बुटक्या इमारती दिसल्या तर समजायचं, पुळण गेली. त्या 1980 च्या दशकात, 1988 पर्यंत उभ्या राहिल्या.

सिनेमा सांगायचा तर 'वर्किंग गर्ल' (1988). सुरुवातीची पाच मिनिटं. हेलिकॉप्टर स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याला वळसा घालतं आणि मग स्टेटन आयलंडची फेरी मॅनहॅटनकडे जाताना दिसते. पाण्यावरून शहर जवळ येतं ते पाहिलं की खलाशाला आणखी काही सांगावं लागत नाही. पुळण तेव्हा उरली नव्हती, एवढंच.

पुळणीवरची

नांगरवाडा, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला. मग गव्हाचा फोटो दाखवला. बराच वेळ मोबाईल हातात धरून बसले आणि म्हणाले, "गहू नाय बघलंय. पण जागा ती." गहू पेरण्याआधीच बाबा त्या मार्गावरून सुटले होते, 82 च्या जानेवारीत ते जपानच्या बोटीवर होते, एवढं आईला आठवतंय.

फोटोत डाव्या टॉवरवर अँटेना आहे. भिंग लावून बघितली. म्हणजे 1979 ते 1981. वाळवीनं खाल्लेल्या तारखा अशा परत मिळतील असं वाटलं नव्हतं. भाऊ पुण्याला आहे, त्याला सगळं पाठवलंय.

हर्णै बंदर

ताई, मीही डेकवर होतो, 22 वर्षं. तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

माझं मत, त्यांना 'मॅन ऑन वायर' दाखवाच. माहितीपट आहे, पण टॉवर पडण्याचा त्यात भाग नाही. 7 ऑगस्ट 1974 ला फिलिप पेटी नावाचा फ्रेंच तरुण दोन टॉवरांच्या मधे तार बांधून तिच्यावरून चालला. जमिनीपासून 400 मीटरपेक्षा उंच, पाऊण तास, आठ फेऱ्या. टॉवर बांधले जातानाची जुनी चित्रफीतही त्यात आहे.

पण खलाशानं बघावं ते दोरीचं काम. एका गच्चीवरून दुसरीवर पोलादी तार न्यायची कशी? त्यांनी रात्री धनुष्यबाणानं मासेमारीची बारीक दोरी पलीकडे मारली. तिला थोडी जाड दोरी, मग आणखी जाड, आणि शेवटी तार. बंदराला लागताना आपण दुसरं काय करतो? आधी हीव्हिंग लाइन, म्हणजे बारीक दोरी, फेकायची, तिच्या टोकाला मंकी फिस्टची गाठ, धक्क्यावरचा माणूस ती ओढून घेतो आणि तिच्यामागून हॉजर, म्हणजे बोट बांधायचा जाड दोर, जातो. सिनेमागृहात नव्हे, घरीच बघत होतो, पण तो भाग आला आणि माझे हात आपोआप हलायला लागले. रात्री तार सुटून खाली लोंबली तेव्हा तिचं वजन त्या पोरांना ओढून वर घेताना काय झालं असेल, हे आपल्यालाच कळतं.

प्रत्यक्ष चालण्याची चित्रफीत नाही, फोटोच आहेत. पण ते फोटो पुरतात.

मिठागर (उरण)

ह्याच गोष्टीवर 2015 चा 'द वॉक' पण आहे. त्यातले टॉवर संगणकावर बनवलेले आहेत, पण फार मन लावून बनवलेत. मोठ्या टीव्हीवर बघा.

नांगरवाडा

मिठागर, इथं माझं वेगळं मत आहे. सिनेमा चांगला आहे, पण ताईंनी खरेखुरे टॉवर मागितलेत. टॉवरांच्या बाहेरच्या अंगाला अॅल्युमिनियमचा पत्रा होता, तो सकाळी रुपेरी, ढगात करडा आणि मावळतीला सोनेरी दिसायचा. 1970 च्या फिल्मवर तो रंग कुणी मुद्दाम आणलेला नाही, त्या दिवशीच्या उन्हानं आलाय. संगणकात कुणीतरी ठरवून रंग भरतो. बाबांनी डोळ्यांनी जे पाहिलं त्याच्या जवळ फिल्मच जाईल. म्हणून 'म्युनिक'चं शेवटचं दृश्यही मी सांगितलं नाही, तिथले टॉवरही नंतर घातलेले आहेत.

मिठागर

पटलं. पण आमच्या आजोबांना मुंबईतल्या गिरणीचं धुराडं नुसतं चित्रात काढून दाखवलं तरी ते कुठल्या पाळीला किती वाजता भोंगा व्हायचा ते सांगत बसायचे. माणसाला दार उघडायला निमित्त पुरतं. दोन्ही दाखवा, ताई.

सड्यावरून

मालिकांबद्दल कोणी लिहिलं नाही. 'फ्रेंड्स'च्या 2001 आधीच्या भागांत दोन प्रसंगांच्या मधे शहराचं दृश्य येतं, त्यात टॉवर अनेकदा असतात. दोन-तीन सेकंदच, पण बाबांना ओळखायचा खेळ होईल. 'द सोप्रानोज'च्या शीर्षकात गाडीच्या आरशात टॉवर दिसायचे. 2001 नंतरच्या पर्वांत ते दृश्य काढून टाकलं, त्यामुळे पहिली तीन पर्वंच लावा. मालिका मारामारीची आहे, शीर्षक बघून बंद केलीत तरी चालेल.

त्या वर्षी तयार होत असलेल्या कित्येक सिनेमांतून टॉवर पुसले गेले. 'झूलँडर' सप्टेंबर 2001 च्या शेवटी लागला, त्यातून पुसले. 'स्पायडर-मॅन'ची एक जाहिरात होती, टॉवरांच्या मधल्या जाळ्यात हेलिकॉप्टर अडकतं अशी, ती मागे घेतली. तेव्हाचं दुःख मी समजू शकतो. पण 'गँग्ज ऑफ न्यूयॉर्क' 2002 मध्ये आला आणि त्याच्या शेवटी टॉवर तसेच उभे ठेवले, ते मला जास्त बरोबर वाटलं. पुसल्यानं माणसाला आठवायला जागाच राहत नाही.

दगडी चिरा (रत्नागिरी)

थोडं विषयाला सोडून, पण इथं बसेल. मी सिव्हिलवाला आहे.

टॉवरांचे वास्तुविशारद मिनोरु यामासाकी. त्यांनीच आधी सेंट लुईसमध्ये प्रुइट-आयगो ही वसाहत बांधली होती, अकरा मजल्यांच्या 33 इमारती. 1972 पासून सुरुंग लावून ती पाडायला घेतली. ते पाडणं 'कोयानिस्कात्सी' (1982) ह्या शब्दाविना सिनेमात दिसतं. ताई, बाबांसाठी हा नको, त्यात इमारती कोसळतात. पण बाकीच्यांनी जरूर बघा. एकाच माणसाची दोन सर्वांत गाजलेली कामं, आणि दोन्ही आज फक्त पडद्यावर.

आणि टॉवरांच्या अगदी शेजारी पूर्वी सिंगर कंपनीची इमारत होती, शिवणयंत्रवाले तेच. 1908 ची, 47 मजली, 187 मीटर, तेव्हा जगात सर्वांत उंच. तिला कोणी शत्रू नव्हता. मजले अरुंद पडतात, भाडं कमी येतं, म्हणून 1967 ते 69 मध्ये पाडली. मॅनहॅटनच्या टोकाचं त्याआधीचं दृश्य कुठल्याही जुन्या सिनेमात आलं तर घुमटासारखा माथा असलेला बारीक मनोरा शोधा. आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडे सिंगरचं मशीन अजून चालू आहे, आणि अशा मशिनांच्या पैशातून जी इमारत उभी राहिली ती मात्र नाही, हे मला दर वेळी आठवतं.

पुळणीवरची

उशिरा लिहितेय, माफ करा. आंब्याच्या शेवटच्या पेट्या, मग पहिला पाऊस, आणि चार दिवस लाईट नव्हती.

'वर्किंग गर्ल' रविवारी लावला. फेरी निघाली तसे बाबा खुर्चीतून पुढे सरकले. टॉवर समोर आले तेव्हा मी थांबवून ठेवलं. बाबा उठून टीव्हीजवळ गेले आणि बोट टेकवून दाखवलं, बोट इथं नांगरावर होती, इथून लॉंच यायची, आणि पुळण इथं. पुळण दाखवताना त्यांचं बोट नेमकं टॉवरांच्या डाव्या अंगाला होतं. मी काही सांगितलं नव्हतं. भाऊ व्हिडिओ कॉलवर होता. तो म्हणाला, "बाबा, परत दाखवा, मला नीट दिसलं नाही." बाबांनी परत दाखवलं.

'मॅन ऑन वायर' दोन बैठकांत पाहिला. धनुष्यबाणाच्या जागी बाबा मोठ्यानं हसले आणि हर्णैच्या काकांचा निरोप सांगा म्हणाले: तार लोंबली कारण पलीकडच्यानं वेळेत आवळून घेतली नाही, आमच्या सारंगानं ओरडून ओरडून कान फोडले असते.

आता ते धक्क्याचं विचारतायत. बंदरात माल उतरवणारे कामगार, हुकवाले, दोऱ्या, क्रेन, हे खरोखर शूट केलेलं कुठल्या सिनेमात आहे? टॉवर नसले तरी चालतील म्हणतात.

हर्णै बंदर

'ऑन द वॉटरफ्रंट', 1954. होबोकेनच्या धक्क्यावर शूट केलाय, म्हणजे तुमच्या पुळणीच्या समोरच्याच काठावर, जरा वरच्या अंगाला. ब्लॅक अँड व्हाइट आहे, सांगून ठेवा. आणि बाबांचं म्हणणं बरोबर, पलीकडचा माणूस झोपला होता.