मदत हवी आहे: नवी फायबरची होडी पाणी घेतेय, बदलून काय घेऊ?

नमस्कार मंडळी. आम्ही मालवणचे, बाबांचा रापणीनंतर (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) आता गळ-जाळ्यांवर मासेमारीचा धंदा. पावसाळी मासेमारी बंदी उठल्यावर 1 ऑगस्टला होडी दर्यात लोटायची म्हणून मे महिन्यात 24 फुटी नवी होडी घेतली. तिसऱ्याच फेरीला तळात घोटाभर पाणी. वर ओढून पाहिली तर नाळेखाली (पुढच्या टोकाखाली) जेलकोटला, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थराला, केसासारख्या भेगा आणि मसुराएवढे फोड. बोटाच्या पेराने ठोकलं की इतर ठिकाणी टणक वाजतं, तिथे मात्र भद्द. म्हणजे आतली काचतंतूंची मॅट रेझिन (ती घट्ट धरणारं चिकट रसायन) न प्यायलेली, थर सुटलेत.

कारखानदार म्हणतो, "वरून पट्टी मारून देतो." मला ते पटत नाही. बाबा त्या होडीत एकटे जातात हो, रात्री झोप लागत नाही.

बिल आहे, फोटो-व्हिडिओ तारखेसकट काढलेत. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कामाची धरली जात नाही, एवढं वाचलंय. कोणी होडीसाठी असं केलंय का? तपासणीचा अहवाल कोणाकडून घेतलात?

पैसे परत मिळाले तर पुन्हा फायबरच घेऊ की फणसाची लाकडी? लाकडीला दरसाल काजूबियांच्या टरफलांचं तेल द्यावं लागतं, पण कुठे काय झालंय ते डोळ्यांना दिसतं. फायबर घेतलीच तर साच्यात थर चढवताना स्वतः उभं राहून काय काय बघायचं, तेही कृपया सांगा.